खालच्या सिलिंडरवरचं कुंकू

धरणात पहिलं पाणी अडवलं तेव्हा बाबा शाळकरी वयाचे होते. नदीकाठची आमची जमीन, घर, गोठा सगळं पाण्याखाली गेलं आणि अलीकडच्या माळावर पत्र्याची घरं मिळाली. माळ म्हणजे नुसता मुरूम. तिथं नागलीसुद्धा गुडघ्याच्या वर येत नाही. आजोबा दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडं मजुरीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. बाबांनी मात्र पाण्यालाच धरलं. ज्यानं नेलं त्याच्याकडूनच मागायचं, असं ते म्हणत. आधी मासे धरले, मग हळूहळू माणसं ने-आण करू लागले. पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांना कळवणला यायचं तर रस्त्यानं सगळ्या धरणाला वळसा पडतो, अर्धा दिवस जातो. होडीनं वीस-पंचवीस मिनिटं. आजारी माणूस, शिधा, शाळेचे दाखले, लग्नाचं वऱ्हाड, सगळं बाबांच्या हातांवरून पलीकडं गेलं. वल्ही मारून त्यांचे तळवे इतके खरबरीत झाले होते की आईच्या लुगड्याला हात लागला तरी धागा ओढला जायचा.

मी त्या घरातली पहिली कॉलेजला गेलेली. आश्रमशाळेत दहावी, कळवणला बारावी, मग बी.एस्सी., विषय फिजिक्स. हे मी लपवत नाही आणि लाजत तर मुळीच नाही. डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजारात बसलेली पोर पदवीधर झाली, याचा मला अभिमान आहे. निकालाचा कागद बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवीच्या वस्त्रांच्या पेटीत ठेवला. पुढं मला पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोकरी लागली. मालाची तपासणी, साखरेचं माप, थंड खोलीचं तापमान, असलं काम. पांढरा कोट घालायचा. घरी येताना तो कोट मी मुद्दाम पिशवीत वर ठेवत असे, दिसावा म्हणून.

मग बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. मी महिनाभर रजा काढून घरी आले आणि परत नोकरीवर गेलेच नाही. होडी बंद ठेवून चालणार नव्हतं. वल्ही सोडून बाबांनी इंजिन घेतलं त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. समुद्राकडून आणलेलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं, दोरी ओढून सुरू करायचं. दोन सिलिंडर, एक वर, एक खाली. लहानपणापासून बाबांच्या शेजारी बसून मी ते चालवायला शिकलेच होते. शिवाय माझ्याकडं पदवी होती. मला वाटलं, बाबा नुसत्या सवयीनं चालवत होते, मी समजून चालवीन.

आमच्या घराला गावात एकच मान आहे. आमच्या देवीचं मूळ ठाणं पलीकडच्या डोंगरावर. वर्षभर तिचा मुखवटा अलीकडच्या देवळात असतो आणि मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला ती माहेरी जाते. धरण होण्याआधी पालखी नदीतून चालत जायची. आता मध्ये पाणी आहे. पण पाण्यावर पालखी चालत नाही, अशी आमच्याकडं रीत पडली आहे. काठावर मुखवटा पालखीतून काढतात आणि होडीवाल्याच्या घरातल्या माणसाच्या मांडीवर देतात. पलीकडचा काठ येईपर्यंत ती मांडीच देवीचं आसन. आजोबा यात्रेपुरते घरी यायचे, बाबा वल्हवायचे आणि देवी आजोबांच्या मांडीवर असायची. आजोबा गेल्यावर आईच्या. ज्यांची जमीन देवीच्या वाटेवरच बुडाली त्यांना गावानं दिलेला हा मान. दुसरं काही आमच्याकडं नव्हतं, म्हणून तो आम्हाला फार.

खरं सांगायचं तर तेव्हा मी देवाला फारसं मानत नव्हते. नमस्कार करायची, पण मनातून नाही. कॉलेजात गेल्यावर मला वाटू लागलं होतं की हे सगळं आईसाठी ठीक आहे.

दसऱ्याला इंजिनाची पूजा असते. बाबा दरवर्षी इंजिनाच्या झाकणालाच हळद-कुंकू लावत, काठावरच्या दगडावर नारळ फोडत आणि त्याचं पाणी होडीच्या नाकाडावर शिंपडत. त्या वर्षी पूजा मी केली. आणि मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, झाकणाची पूजा कसली, इंजिन तर आत आहे. मी झाकण काढलं, दोन्ही सिलिंडरांना हळद-कुंकवाची बोटं ओढली, वायरींना ओढली, आणि नारळ फोडून त्याचं पाणी सरळ इंजिनावर ओतलं. बाबा काठावर खुर्चीत बसले होते. ते डाव्या हातानं काहीतरी खुणावत होते. मला वाटलं, पोरीनं केलं म्हणून आनंद झालाय. मी आणखी थोडं ओतलं.

चार-पाच दिवसांनी इंजिन बिघडलं. बिघडलं म्हणजे बंद पडलं नाही, ते बरं झालं असतं. काठावर सुरू केलं की छान चालायचं. एकटी गेले तरी फार काही जाणवायचं नाही. दहा माणसं भरून मध्यावर पोचलं की मात्र एकदम अंग टाकायचं. आवाज फाटायचा, फळी थरथरायची, मागं तेलकट धुराचा लोट. जोडीतला एक बैल चालता चालता खाली बसावा आणि दुसऱ्यानं सगळी गाडी ओढावी, तसं. एक सिलिंडर पेटत नाही, एवढं मला कळत होतं. कोणता आणि का, ते कळत नव्हतं.

मी पुस्तकातल्यासारखं सुरू केलं. काठावर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. वरची काढली, आवाज पडला. खालची काढली, तरी पडला. म्हणजे दोन्ही पेटतायत. मग प्लग काढून पाहिले. वरचा विटकरी, कोरडा. खालचा तेला-पेट्रोलनं ओला. इथं माझी पदवी आडवी आली. ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, पेट्रोल जास्त येतंय म्हणजे कार्बोरेटर, असं मी ठरवूनच टाकलं. खरं तर प्लग ओला दिसायला दोन कारणं असतात. पेट्रोल जास्त येतं, किंवा आलेलं पेट्रोल जळतच नाही. दुसरं मला माहीत नव्हतं असं नाही. पहिलं सुचलं, ते माझं होतं, म्हणून मला आवडलं. मी कार्बोरेटर एकदा खोलला, दोनदा खोलला, तिसऱ्यांदा त्यातली बारीक भोकं शिलाई मशीनच्या सुईनं साफ केली. प्लग नवे आणले. पेट्रोलात तेल मोजून घातलं. नाशिकला जाऊन एका मिस्त्रींना विचारलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, पाण्यात ओझ्याखाली चालताना बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि एवढ्या लांब यायला त्यांना सवड नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट मी दर वेळी पाहिली आणि सोडून दिली. वायरींवर, टोपीच्या कडेला, सिलिंडरच्या अंगावर दसऱ्याचं हळद-कुंकू वाळून बसलं होतं. माझ्या हातात फडकं असायचं. ग्रीस पुसायची, काजळी पुसायची, कुंकू आलं की फडकं बाजूनं न्यायची. आमच्याकडं पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. शिवणयंत्र असो, ट्रॅक्टर असो, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत आपोआप जाईल तेव्हा जाईल. एवढी शिकलेली मी, पण तो हात काही तिथं गेला नाही.

गावात बोलणं सुरू झालं. एकदा बाळंतिणीला आणताना अर्ध्या पाण्यात थांबलो, वल्ही मारून काठ गाठला. एकदा एका म्हाताऱ्याची एसटी चुकली. लोक तोंडावर बोलत नसत, पण होडीत बसताना विचारत, आज पोचवशील ना बाय? पाण्याच्या नळापाशी आईला ऐकवलं गेलं की पोरीच्या हातची पूजा देवीला चालली नाही. घरी येऊन चुलीपुढं बसून आईनं डोळे पुसले, ते मी पाहिलं. मी पाय आपटत म्हटलं, हे इंजिन आहे, देवीचा काय संबंध? म्हटलं खरं, पण आतून पोखरले गेले होते. मी चौथ्यांदा कार्बोरेटर खोलायला घेतला. मला वाटू लागलं, खरंच तर नसेल?

मार्गशीर्ष लागला. यात्रेचं सगळं बघणारे तात्या घरी आले. तात्या वाईट माणूस नाही. बाबांच्या खाटेपाशी बसून त्यांनी आधी बाबांचा पाय चेपला आणि मग सांगितलं की पंचांनी ठरवलंय. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आठ माणसं आणि वाळूच्या गोण्या घालून होडी पलीकडं नेऊन आणायची. मध्ये थांबली तर देवी यंदापासून रस्त्यानं, टेंपोतून जाईल. “देवीला अर्ध्या पाण्यात अडकवून नाय चालायचं, दादा,” ते बाबांना म्हणाले, “तुम्हीच सांगा.” बाबांनी डाव्या हातानं डोळे झाकून घेतले. रस्त्यानं देवी गेली की मांडीची रीत संपली. आमचं घर नुसतं एक घर राहणार होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी देवीच्या पेटीसमोर उभी राहिले. मागणं काही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, मला जे जमत होतं ते सगळं करून झालं, आता तुझं तू बघ. हे भक्तीनं म्हटलं नव्हतं, वैतागून म्हटलं होतं. पण खोटं नव्हतं.

दुपारी आठ जण बसले, गोण्या चढल्या. तात्या पुढं. निम्म्यापर्यंत इंजिन असं चाललं की तात्यांनी मागं वळून मला मान डोलावली. आणि त्यानंतर शंभर हातही गेलो नसू, आवाज फाटला. तात्यांनी मान पुढं फिरवली. तेच जास्त लागलं. मी होडी वळवली आणि एका सिलिंडरवर रखडत अलीकडच्या काठाला आणली. इंजिन बंद केलं, झाकण काढलं. का काढलं ते माहीत नाही. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काठावर उद्यासाठी लांबून आलेली चार माणसं बसली होती. त्यांत एक म्हातारी होती, पांढरं कपाळ, हातात बांगडी नाही. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. ती दरवर्षी चालत यायची आणि होडीत अगदी मागं, इंजिनाच्या शेजारी बसायची. पुढं देवीजवळ सवाष्णी बसतात, म्हणून तिची जागा मागं. तिला पारूआजी म्हणतात एवढंच मला माहीत होतं. ती उठून होडीपाशी आली. त्यांच्याकडं पाण्यात पाय घालायच्या आधी ओंजळभर पाणी होडीला दाखवतात, तसं तिनं ओंजळ भरली आणि माझ्या अंगावरून इंजिनावर शिंपडली. मी चिडणारच होते. तेवढ्यात वरच्या प्लगवर चर्र झालं. थेंब नाचला आणि गेला. खालच्या प्लगवर पडलेला थेंब तसाच बसून राहिला, अळूच्या पानावर बसावा तसा.

मी बघत राहिले. आजीही बघत होती. तिनं आपलं बोट त्या थेंबाला लावलं आणि सहज बोलली.

“याचं वरचं ऊन हाय, खालचं कोमट. म्हशीचा एक सड मेला का असंच लागतं हाताला.”

होडीतून उतरणारा एक जण हसला, आजी, हिचं दूध काढून बघ. पण मला हसू आलं नाही. दोन महिने मी काठावर, ओझं नसताना, दोन्ही सिलिंडर तपासत होते, आणि दोन्ही पास होत होते. आत्ता इंजिन ओझ्याखालून नुकतं आलं होतं आणि खालचा सिलिंडर ओलाही होता, वरच्यापेक्षा गारही होता. पेट्रोल येतंय आणि पेटत नाही. कार्बोरेटरचा काही दोष नव्हता. ठिणगीचा होता. आणि ठिणगी फक्त ओझ्याखाली मरत होती. म्हणजे ती तयार होत होती, पण जोर लागला की कुठंतरी दुसरीकडं पळत होती.

मी तात्यांना म्हटलं, जाऊ नका, मला अर्धा तास द्या. मला वाटलं होतं ते हात झटकतील. ते खाली दगडावर बसले आणि म्हणाले, घे. मी होडीचा दोर काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन बांधला. इंजिन सुरू करून गिअर टाकला आणि पेट्रोल वाढवलं. होडी दोराला ताण देऊन जागच्या जागी ओढू लागली. आता तिला दहा माणसांचं ओझं होतं, आणि ती जागची हलत नव्हती. हे मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. थोड्या वेळात आवाज फाटला. मग मी काठावर खुर्चीत बसलेल्या बाबांच्या पायावरची घोंगडी मागवली. चार जणांना वरच्या फिरत्या चाकापासून लांब धरायला लावली, ओढणी कमरेला खोचली आणि त्या काळोखात डोकं घातलं.

डोळे स्थिरावले आणि मला ती दिसली. मोहरीच्या दाण्याएवढी निळी ठिणगी. खालच्या प्लगच्या टोपीच्या कडेतून निघायची, वायरीवरच्या कुंकवाच्या ओघळावरून सरपटत जायची आणि सिलिंडरच्या लोखंडात विझायची. टिक. टिक. टिक. मी ओढलेल्या बोटावरूनच ती चालली होती. मी ओतलेल्या नारळाच्या पाण्यानं तिला वाट करून दिली होती. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते, हे मला बी.एस्सी.च्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. उन्हात वाळलं की ती वाट बंद व्हायची, पाण्यावर दमट झालं आणि ओझं आलं की उघडायची. गाव म्हणत होतं पूजा चुकली. आणि पूजाच चुकली होती.

मी घोंगडीतून बाहेर आले, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या हातानं झालंय, कुंकवामुळं ठिणगी गळतेय, ते पुसायला लागेल. मला वाटलं, कोडं सुटलं, आता सगळे हसतील. पण काठावर जमलेल्या बायका मागं सरकल्या. आई बाबांच्या खुर्चीमागं उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

“पुसायचं म्हणू नको,” ती म्हणाली. “तुझा बाप असा बसलाय. मी घरातलं कुंकू नाय पुसू देणार.”

मी एक पाऊल पुढं टाकलं. क्षारांचं सांगणार होते. आईला काय सांगू? तिच्या पुढ्यात खुर्चीत अर्धा माणूस बसला होता, आणि मी तिला कुंकू पुसायला सांगत होते. जमलेल्या बायकांतली कुणी पुढं येणार नव्हती. पुरुषांनीही पायाकडं पाहिलं. आणि खरं सांगू, फडकं माझ्या हातात होतं आणि माझाही हात उठत नव्हता.

पारूआजीनं माझ्या हातातून फडकं घेतलं.

“आण इकडं. माझं कवाच पुसून झालंय. मला कशाचं भ्या?”

ती होडीच्या कडेवर गुडघे धरत बसली. आधी इंजिनाला हात जोडले. मग पेट्रोलात भिजवलेल्या फडक्यानं पुसू लागली, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसं, कडाकोपऱ्यातून. मी तिला टोपी कशी निघते ते दाखवलं, तिनं आतूनही पुसलं. फडकं लाल झालं. ते तिनं टाकलं नाही, घडी करून आपल्या कनवटीला लावलं. मग आईकडं बघून म्हणाली, “बाय, तुझं तुझ्या कपाळावर हाय. हे लोखंडाचं होतं.” बाबा तिकडून काहीतरी बोलले. झटक्यानंतर त्यांचे शब्द नीट कळत नाहीत, आईला कळतात. आई रडता रडता हसली. तिनं आम्हाला सांगितलं, ते म्हणतायत, दसऱ्याला मी हात करून सांगत होतो, झाकण लाव म्हणून.

टोपीच्या आत रबरावर केसासारखी काळी रेघ जळली होती. ती पुसून जाणारी नव्हती. नवी टोपी नाशिकशिवाय मिळाली नसती आणि देवी तर सकाळी निघणार होती. तात्या उठले, आपल्या जुन्या मोटारसायकलपाशी गेले आणि तिच्या प्लगची टोपी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, मी घरी चालत जाईन, तू ही लाव. मी वायरीचं टोक थोडं कापून ती बसवली. पुन्हा दोर ताणला, पुन्हा पेट्रोल वाढवलं. बाभळ हलली. आवाज फाटला नाही. मी घोंगडीखाली डोकं घातलं, काळोखात काही चमकलं नाही. मी तिथंच, घोंगडीखाली, हात जोडले. बाहेर कुणाला दिसलं नाही, ते बरं झालं. दिवस मावळायच्या आत आठ जण आणि गोण्या पलीकडं जाऊन परत आल्या. तात्या काठावर उतरले आणि बाबांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी बाबांच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी काठावर आली. मी मागं, इंजिनापाशी. आता चालवणारी मी होते, तेव्हा मांडी आईची किंवा बाबांची. आई म्हणाली, त्यांच्या. चौघांनी बाबांना उचलून होडीच्या मधल्या फळीवर बसवलं, बुडू नये म्हणून तरंगायचं जाकीट घातलं आणि मुखवटा त्यांच्या मांडीवर दिला. बाबांचा डावा हात घट्ट होता, पण उजवा लोंबत होता, आणि देवी त्या बाजूला कलू लागली. आई त्यांच्या डाव्या अंगाला बसली होती. पारूआजी नेहमीप्रमाणं मागं, माझ्या शेजारी येऊन बसली होती. आईनं मागं वळून पाहिलं.

“पारूताई, इकडं या. यांच्या उजव्या अंगाला बसा.”

होडीत कुजबूज झाली. आजीनं नको नको म्हटलं. आई म्हणाली, देवी पडतेय, लवकर या. मग आजी सगळ्यांच्या गुडघ्यांवरून, खांद्यांना धरत पुढं गेली आणि बाबांच्या उजव्या बाजूला बसली. तिनं आपला हात मुखवट्याला आधारासारखा लावला. तात्या पुढून म्हणाले, झालं का? चला मग. त्यांच्या त्या ‘चला’नं कुजबूज संपली. मी दोरी ओढली.

मध्यावर, जिथं दोन महिने मला धसका असायचा, तिथं मी सवयीनं श्वास धरला. इंजिन एका आवाजात चाललं होतं. दोन बैल, एक जू. समोर मला बाबांची पाठ दिसत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बायका, एक सवाष्ण, एक विधवा. आमची बुडालेली जमीन त्याच पाण्याखाली कुठंतरी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं आलं असं मी कुणी विचारलं तर सांगणार होते. कुणी विचारलं नाही.

लोक मला विचारतात, ती म्हातारी म्हणजे देवीच होती का? मी जसं आहे तसं सांगते. ती अंतर्धान वगैरे पावली नाही. पलीकडं उतरली, चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली, डोंगर चढताना गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि परतीच्या फेरीला होडीत झोपली. तिला दोन म्हशी आहेत आणि एक सून, जिच्याशी तिचं पटत नाही. मी तिच्या पाड्यावर जाऊन आले आहे. ती देवी नव्हती. पण मी सकाळी वैतागून, तुझं तू बघ, असं म्हटलं होतं, आणि दुपारी सुरगाण्याच्या एका म्हातारीनं नेमकी माझ्या इंजिनावर ओंजळ टाकली. झाकण नेमकं उघडं होतं. इंजिन नेमकं ओझ्याखालून आलं होतं. आणि ज्या कामाला त्या काठावर कुणाचाच हात उठला नसता, त्या कामाला उठू शकणारा एकच हात तिचा होता. हे कुणी जुळवलं ते मला माहीत नाही. मी फिजिक्स शिकले आहे, मला याचं गणित मांडता येत नाही, आणि आता मांडावंसंही वाटत नाही. मी नुसती हात जोडते.

शरण जाणं म्हणजे हात वर करून बसणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, मला कळलंय हा हट्ट थोडा सैल सोडला, की जे समोरच आहे ते दिसायला लागतं. खालचा थेंब दोन महिने वाट बघत होता. तो दाखवायला कुणीतरी पाणी शिंपडायचं होतं, आणि ज्यांना आपण होडीत मागं बसवतो त्यांच्याकडूनच ते यायचं होतं.

पुढच्या दसऱ्याला मी झाकण लावून पूजा केली. कुंकू झाकणालाच लावलं, नारळ काठावरच्या दगडावर फोडला आणि त्याचं पाणी नाकाडावर शिंपडलं, बाबा करायचे तसं. बाबांचा उजवा हात अजून उठत नाही. तात्यांच्या मोटारसायकलला मी नवी टोपी आणून दिली, त्यांची जुनी माझ्या इंजिनावरच राहिली. पारूआजी आता पुढं बसते. होडीचा परवाना यंदा माझ्या नावावर झाला. देवीला पलीकडं नेण्याचा मान आमच्याच घरात आहे, आणि दोन्ही सिलिंडर चालू आहेत.